खिसा रिकामा असताना

अमेरिका आणि कोस्टा रिका यांची तुलना म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! एक जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था, ३३ कोटींहून अधिक माणसांची. दुसरा निकाराग्वा आणि पनामा यांच्या मध्ये, दोन महासागरांच्या बेचक्यात बसलेला, पन्नास-एक लाख वस्तीचा देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढं. २०२३ साली अमेरिकेचं दरडोई उत्पन्न ८० हजार डॉलरच्या पुढे होतं, कोस्टा रिकाचं १७ हजारांच्या आसपास. आरोग्यावर अमेरिकेत माणशी वर्षाला १२ हजारांहून अधिक डॉलर खर्च होतात. कोस्टा रिकाचा खर्च, तिथली स्वस्ताई हिशेबात धरूनही, याच्या सातव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. आणि तरीही कोस्टा रिकात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या वर आहे. अमेरिकेत २०२३ साली ते ७८.४ होतं.

या आकड्यावर दोन्हीकडचे वकील तुटून पडतात. एक म्हणतो, बघा, पैशाने आयुष्य विकत मिळत नाही. दुसरा म्हणतो, मग व्हिसाच्या रांगा अमेरिकेच्याच वकिलातीपुढे का लागतात? दोघांनीही घाई केलेली असते. दोन देशांतलं जीवनमान ताडून पाहायचं असेल तर आधी मोजपट्टी कोणती आणि ती कुणाच्या अंगाला लावली, हे तपासावं लागतं.

डॉलरने मोजताना

सगळ्यांत हाताशी असलेली मोजपट्टी म्हणजे दरडोई उत्पन्न. ती किती लवचिक असते याचा नमुना कोस्टा रिकानेच अलीकडे दाखवला. २०२२ साली या देशाचं दरडोई उत्पन्न १३ हजार डॉलरच्या आसपास होतं. २०२३ मध्ये ते साडेसोळा हजारांच्या वर गेलं. एका वर्षात पंचवीस टक्क्यांची उडी! प्रत्यक्षात अर्थव्यवस्था वाढली होती पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीची करामत चलनाची. २०२२ च्या मध्यावर एका डॉलरला सुमारे ६९० कोलोन मोजावे लागत, पुढच्या वर्षअखेरीस ५२० च्या आसपास. राजधानी सान होसेच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या पिशवीत मात्र पंचवीस टक्के जास्त भाजी आली नव्हती.

म्हणून अर्थतज्ज्ञ क्रयशक्ती पाहतात, म्हणजे त्या पैशात तिथल्या बाजारभावाने काय-काय येतं ते. असं मोजलं की कोस्टा रिकाचं उत्पन्न २८ हजारांच्या घरात जातं आणि पाचपटीचं अंतर तिपटीवर येतं. तरी तिप्पट म्हणजे तिप्पट. गाडी, घराचं क्षेत्रफळ, कपडे धुण्याचं यंत्र, परदेशातली सुट्टी या सगळ्यांत अमेरिकन माणूस पुढेच असतो. ते नाकारण्यात अर्थ नाही.

उत्पन्न म्हणजे कल्याण नव्हे, हे उत्पन्न मोजायला शिकवणाऱ्यानेच सांगून ठेवलं होतं. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला सविस्तर अहवाल दिला आणि त्यातच इशारा दिला की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा निष्कर्ष काढू नका. इशारा कागदावर राहिला आणि आकडा जगभर फिरला.

मुंबईच्या गिरण्यांपासून मानव विकासापर्यंत

पर्यायी मोजपट्टी शोधणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे. मॉरिस डेव्हिड मॉरिस हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ. मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारवर्गावर त्यांनी १९६५ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. याच मॉरिस यांनी १९७९ मध्ये जीवनमानाचा एक साधा निर्देशांक मांडला. त्यात पैसा अजिबात नव्हता. तीनच गोष्टी: साक्षरता, बालमृत्यूचं प्रमाण आणि एक वर्षाच्या मुलाचं पुढचं अपेक्षित आयुष्य. प्रत्येकीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. श्रीलंका आणि केरळ यांच्यासारखे गरीब प्रदेश या यादीत झपकन वर आले, तर तेलाच्या पैशात लोळणारे काही देश खाली घसरले.

१९९० मध्ये पाकिस्तानचे मेहबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने संयुक्त राष्ट्रांसाठी मानव विकास निर्देशांक आणला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न अशी त्याची तीन अंगं. या यादीत अमेरिका पहिल्या विसांच्या आसपास असते, कोस्टा रिका साठीच्या घरात. आयुर्मानात कोस्टा रिका पुढे असला तरी उत्पन्न आणि शिक्षण त्याला मागे ओढतात. अमेरिकेतला प्रौढ माणूस सरासरी तेराहून अधिक वर्षं शिकलेला असतो, कोस्टा रिकातला नऊच्या आसपास.

एका यादीत हा वर, दुसऱ्या यादीत तो. पण या साऱ्याच याद्या देशाला एकच माणूस समजतात. कोट्यवधी आयुष्यांचा गोळा करून त्याला एक गुण दिला जातो. आयुर्मानाच्या आकड्यातही हेच होतं. तो कुणाचं भविष्य सांगत नाही. त्या वर्षी ज्या-ज्या वयाची जेवढी माणसं मेली तेच प्रमाण पुढेही राहिलं तर आजचं बाळ किती जगेल, एवढाच तो हिशेब. त्यामुळे पंचाऐंशीव्या वर्षी आजोबा गेले तर आकडा फारसा हलत नाही. पंचविशीतला तरुण गेला की पन्नास-साठ वर्षं एकदम वजा होतात. अमेरिकेत २०२१ पासून ओळीने तीन वर्षं, दरसाल लाखाहून अधिक माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेली. २०२१ मध्ये बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांहून अधिक मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. प्रिन्स्टनचं अर्थतज्ज्ञ दांपत्य अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ मध्येच दाखवून दिलं होतं की, मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर चक्क वाढतो आहे आणि ही वाढ मुख्यतः कमी शिकलेल्यांमधली आहे.

म्हणजे सरासरी खाली ओढणारी माणसं समाजाच्या एका विशिष्ट थरातली आहेत. मग तो थर कोस्टा रिकात कसा तगून राहतो?

हातोडा, बिशप आणि आरोग्याची पेढी

१ डिसेंबर १९४८ रोजी सान होसे शहरातल्या बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर होसे फिगेरेस यांनी हातोडा मारला आणि देशाचं सैन्य बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी झालेल्या छोट्या पण रक्तरंजित यादवीत ते जिंकले होते. जिंकलेल्या सेनापतीने सेनाच मोडावी यात राजकीय शहाणपणही होतं: उद्या कुणी त्या सैन्याच्या जोरावर आपल्याला उलथवायला नको. पुढच्या वर्षीच्या राज्यघटनेत सैन्यबंदीचं कलमच घातलं गेलं. छावणीच्या इमारतीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे.

हातोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण आयुर्मानाच्या दृष्टीने फिगेरेस यांनी जे मोडलं नाही ते अधिक महत्त्वाचं. त्यांचे विरोधक राफाएल आन्हेल काल्देरोन ग्वार्दिआ हे पेशाने डॉक्टर. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी १९४१ मध्ये सामाजिक विम्याची एक संस्था काढली. लोक तिला नुसतं ‘काहा’ म्हणतात. पगारातून ठरावीक टक्के कामगाराचे, त्याहून जास्त मालकाचे आणि वर सरकारचा वाटा, असा तिचा पाया. पुढे या सुधारणांच्या मागे कॅथलिक आर्चबिशप आणि कम्युनिस्ट पक्ष असे दोघेही उभे राहिले. असा त्रिवेणी संगम फार थोड्या देशांच्या नशिबी आला असेल. फिगेरेस यांनी काल्देरोन यांच्या गटाची सत्ता घालवली, पण त्यांची संस्था ठेवली. सत्ता बदलली की आधीच्याची योजना गुंडाळायची, ही रीत तिथे त्या वेळी पाळली गेली नाही.

१९६१ मध्ये हा विमा सगळ्यांपर्यंत पोचवायचं ठरलं. १९७३ मध्ये सरकारी रुग्णालयं काहाच्या ताब्यात देण्याचा कायदा झाला आणि त्याच सुमाराला खेडोपाडी आरोग्य कार्यक्रम सुरू झाला: लसीकरण, शौचालयं, पिण्याचं पाणी, बाळंतिणींची देखरेख. १९७० मध्ये हजार बाळांमागे साठाहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत. १९८० मध्ये हा आकडा विसाच्या आसपास आला. एका दशकात! मोठाली यंत्रं नव्हती की नामांकित सर्जन नव्हते. घरोघर जाणारी माणसं होती.

ती माणसं आजही जातात. १९९५ पासून देशभर ‘एबाइस’ नावाचे आरोग्य चमू उभे केले गेले; आज ते हजाराहून अधिक आहेत. एका चमूकडे चार-पाच हजार माणसांची जबाबदारी. त्यात डॉक्टर, नर्स, नोंदी ठेवणारा कारकून आणि घरभेटी देणारा आरोग्य सहायक. या सहायकाचं काम पाहण्यासारखं आहे. कोस्टा रिकात घरांना रस्त्याचं नाव आणि नंबर सहसा नसतो. ‘चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, मग पन्नास मीटर पश्चिमेला’ असाच पत्ता सांगतात. म्हणून सहायक आपल्या भागाचा नकाशा स्वतः काढतो, त्यात एकेक घर मांडतो आणि घरांची तीन गटांत वाटणी करतो. ज्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी, गरोदर बाई किंवा रक्तदाब हाताबाहेर गेलेला माणूस आहे तिथे वर्षातून तीन फेऱ्या. त्याहून बऱ्या घरी दोन. धडधाकट घरीही एक तरी. मोटरसायकलवर लसींची थंड पेटी, रक्तदाबाचं यंत्र आणि नोंदीचं साधन घेऊन तो दारात उभा राहतो. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, औषधं वेळेवर घेता का, हे विचारतो. आपल्याकडची आशाताई असंच काम करते. फरक असा की ती मानधनावर आणि कामागणिक मिळणाऱ्या पैशावर राबते, तर हा पगारी नोकर आहे आणि त्याच्या पाठीशी डॉक्टरसकट एक अख्खा चमू आहे.

डॉ. अतुल गावंडे यांनी २०२१ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या व्यवस्थेवर सविस्तर लिहिलं. गावंडे अमेरिकेत वाढलेले नावाजलेले सर्जन. त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यातून डॉक्टर होऊन तिकडे गेले. अमेरिकेतल्या उत्तम रुग्णालयात काम करणाऱ्या सर्जनला मोटरसायकलवरच्या माणसाचं अप्रूप वाटावं, यात बरंच काही आलं. अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आजारी माणूस दारात येण्याची वाट पाहते, आणि तो आला की आधी त्याचं विम्याचं कार्ड पाहते. २०२३ मध्ये सुमारे दोन कोटी साठ लाख अमेरिकनांकडे ते कार्डच नव्हतं.

पायरी-पायरीने

आता सरासरी बाजूला ठेवू. कोस्टा रिकाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ लुईस रोसेरो-बिक्सबी आणि बर्कलीचे विल्यम डाऊ यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही देशांतल्या प्रौढांचे त्यांनी आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार चार भाग केले आणि वरच्या भागाची वरच्याशी, तळच्याची तळच्याशी गाठ घातली.

वरच्या चतुर्थांशात अमेरिका जिंकली. सधन, शिकलेला अमेरिकन माणूस सधन कोस्टा रिकन माणसापेक्षा जास्त टिकतो. तळच्या चतुर्थांशात चित्र उलटं झालं, आणि तेही ठळकपणे: गरीब अमेरिकनाचा मृत्युदर गरीब कोस्टा रिकनापेक्षा बराच जास्त निघाला. अमेरिकेतल्या जिन्याला उतार फार. पायरीगणिक आयुष्य झपाट्याने कमी होतं. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अमेरिकेपुरता हा उतार मोजला. सर्वांत श्रीमंत एक टक्का आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुष यांच्या आयुष्यात जवळपास पंधरा वर्षांचं अंतर निघालं.

सगळं श्रेय काहाला देऊन मोकळं होणंही बरोबर नाही. याच अभ्यासात दिसलं की, कोस्टा रिकाची आघाडी मुख्यतः दोन आजारांत आहे: फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदयविकार. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत पुरुषांमध्ये चौपट आणि स्त्रियांमध्ये सहापट होतं. यामागे धूम्रपान आहे, आणि कोस्टा रिकातल्या बायका सिगारेटच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत, ही काही डॉक्टरांची कर्तबगारी नव्हे.

या तुलनेत सर्वांत चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. उत्पन्नाची विषमता कोस्टा रिकात अमेरिकेपेक्षा कमी नाही, जास्त आहे. २०२१ मध्ये हा देश श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेत दाखल झाला, आणि तिथल्या सर्वांत विषम देशांत त्याची गणना होते. पैशाची दरी रुंद, पण मरणाची दरी अरुंद. गरिबाच्या खिशात पैसे नसले तरी रक्तदाबाची गोळी त्याच्या घरी पोचते, म्हणून खिसा आणि काळीज यांच्यातली गाठ तिथे सैल आहे. अमेरिकेत ती घट्ट आवळलेली आहे.

दुसरं पारडं

एवढं वाचून कोस्टा रिकाला नंदनवन ठरवायची घाई करू नये. २०२३ मध्ये तिथे ९०० च्या आसपास खून झाले, त्या देशाच्या इतिहासातला उच्चांक. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण अमेरिकेच्या जवळपास तिप्पट. दक्षिण अमेरिकेतलं कोकेन लिमोनच्या बंदरातून अमेरिकेकडे आणि युरोपकडे जातं, आणि त्या वाटेवरच्या टोळ्यांनी बंदराच्या वस्त्यांना वेठीला धरलं आहे. गिऱ्हाईक श्रीमंत देशांत, मुडदे गरीब वस्तीत.

शाळांचं काय? २०२२ च्या ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात अमेरिकेत सरासरी ४६५ गुण पडले, कोस्टा रिकात ३८५. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्के खर्च करायचं तिथल्या घटनेत लिहिलेलं आहे. घटनेतला आकडा गाठला जात नाहीच, शिवाय २०१८ चा शिक्षकांचा लांबलेला संप आणि नंतरचा कोरोना यांनी एका पिढीची वर्षं खाल्ली. कामाचे तासही जास्त: कोस्टा रिकन कामगार वर्षाला २,१०० हून अधिक तास राबतो, अमेरिकन १,८०० च्या आसपास. कोस्टा रिकन कामगाराच्या पदरात कायद्याने दोन आठवड्यांची पगारी सुट्टी, बाळंतपणाची चार महिन्यांची पगारी रजा आणि डिसेंबरात तेरावा पगार पडतो. अमेरिकेतल्या खासगी नोकराला संघराज्याच्या कायद्याने यातलं काहीच मिळत नाही. पण अनौपचारिक कामावर जगणाऱ्या कोस्टा रिकनालाही यातलं फारसं मिळत नाही, आणि असे कामगार तिथे कमी नाहीत.

काहाचंही सगळं आलबेल नाही. गुडघ्याच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रांगा लांबलचक. परवडतं ते खासगीत जातात. पुढची काळजी मोठी आहे. २०२४ मध्ये तिथला जननदर बाईमागे १.१ च्या आसपास उतरला होता. विम्याची वर्गणी भरणारे तरुण कमी आणि औषधं लागणारे म्हातारे जास्त, अशी वेळ दारात आली आहे.

एवढ्या उणिवा असूनही लोकांनाच विचारलं तर? २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात कोस्टा रिका सहावा आहे, अमेरिका चोविसावी. या क्रमवारीमागे प्रश्न एकच असतो: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, तुमचं आयुष्य आज कितव्या पायरीवर आहे? शिडीचं वरचं टोक प्रत्येकाने आपल्या कल्पनेने ठरवायचं असतं. शेजारी निकाराग्वा असलेला माणूस आणि शेजारी अब्जाधीश असलेला माणूस यांची टोकं सारखी नसतात. म्हणून हा क्रम गंभीरपणे घ्यावा, पण तराजू म्हणून वापरू नये.

आपल्या घरातली अमेरिका

मराठी मध्यमवर्गात अमेरिकेची तुलना रोज कुठे ना कुठे चालू असते. ती बहुतेक वेळा एका विशिष्ट अमेरिकेशी असते. अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचं मध्यम उत्पन्न त्या देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट आहे, आणि तिथल्या भारतीय प्रौढांत दर चारांपैकी तीन पदवीधर आहेत. मुलगा न्यू जर्सीत, सून बँकेत, घरामागे हिरवळ, नातवाच्या शाळेत रोबोटिक्स. ही अमेरिका खोटी नाही. ती वरच्या चतुर्थांशातली आहे, आणि त्या पायरीवर अमेरिका बहुतेक देशांच्या पुढे आहे. रोसेरो-बिक्सबी आणि डाऊ यांचे आकडे तेच सांगतात.

पण ती पायरी कशावर टेकली आहे तेही पाहावं. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्याला साठ दिवस मिळतात, आणि आरोग्यविमा बहुधा त्या नोकरीलाच बांधलेला असतो. नोकरी, विमा आणि राहण्याचा हक्क एकाच दोरीला. दोरी घट्ट आहे तोवर सगळं उत्तम. सान होसेच्या सुताराकडे एवढं घर नाही, एवढी गाडी नाही. पण त्याचं काम सुटलं म्हणून आरोग्य सहायकाच्या नकाशावरून त्याचं घर पुसलं जात नाही.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये एक युक्ती सुचवली होती: आपण कोणत्या घरात, कोणत्या वर्णाचे, कोणत्या कुवतीचे जन्मणार हे माहीत नाही असं धरून समाज निवडा. अमेरिका की कोस्टा रिका या प्रश्नाला ही युक्ती लावली की उत्तर सरळ येत नाही, पण नीट मांडता येतं. पदवी, कौशल्य आणि चांगल्या पगाराची खात्री असेल तर अमेरिका. मुलांच्या शाळेला आणि रात्रीच्या रस्त्याला जास्त महत्त्व द्यायचं असेल तरी सरासरीने अमेरिकाच, मात्र तिथेही वस्ती कोणती हे विचारावं लागेल. पण चिठ्ठीत तळची पायरी निघण्याची धास्ती असेल आणि म्हातारपण बघायची इच्छा असेल, तर कोस्टा रिका.

यापुढे ‘राहायला सर्वोत्तम देश’ अशी यादी हाती आली, तर पहिला क्रमांक कुणाचा हे नंतर बघावं. त्या देशात तळच्या चौथ्या भागातल्या माणसाच्या वाट्याला काय येतं, आणि त्यातलं किती त्याच्या स्वतःच्या पगारावर अवलंबून नाही, हे आधी शोधावं. बहुतेक याद्यांत याचं उत्तर छापलेलंच नसतं. मग ती यादी वरच्या पायरीवरच्यांसाठी केलेली आहे असं समजून वाचावी.